आवाज येऊन नाही रायला!

अमरावतीहून अकोल्याच्या मामाशी लिनक्सच्या लॅपटॉपवरून बोलायचं असल्यास लागणारं साहित्य: एक लॅपटॉप, एक हेडफोन, दोन तास सवड आणि बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक. शेवटची वस्तू ऐच्छिक समजू नये.

रोगाचं लक्षण लगेच ओळखू येतं. माझ्या बाबतीत विषय किरकोळ होता. रविवारी मामाकडे रोडग्यांचा बेत, अमरावतीची किती टाळकी येणार तो आकडा सांगायचा. पडद्यावर मामा, मामाच्या मागे पत्र्याचा भलामोठा कूलर. मी बोललो. मामानं कपाळाला आठ्या घातल्या. "काय बे, तोंड हालून रायलं, पन आवाज येऊन नाही रायला." त्याचाही आवाज विहिरीतून आल्यासारखा, कुकरची शिटी मात्र थेट माझ्या कानात. कूलर फिरताना दिसत होता, पण त्याची घरघर अजिबात नव्हती. मामानं मोबाइल भारी घेतलेला दिसतो, असं मनाशी म्हणून मी माझ्या लॅपटॉपकडे वळलो.

पहिला नियम: ओरडू नये. ओरडल्यानं माइक सुरू होत नाही, शेजारच्या काकू गॅलरीत येतात.

दुसरा नियम: आधी हाताला लागतं ते तपासावं. नियम इथेच संपले, पुढे सगळा अनुभव. बऱ्याच कीबोर्डांवर माइकचं चित्र असलेली एक कळ असते, आणि तिच्यावरचा दिवा लागलेला असेल तर माइक बंद असतो. दिवा लागला म्हणजे बंद! लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. मग हेडफोनची पिन पाहावी. तिच्यावर तीन काळ्या रेघा असतील तर माइक आहे. दोनच असतील तर तो निव्वळ श्रोता, त्यात कितीही बोला. ब्लूटूथचा हेडफोन असेल तर आणखी एक गंमत: त्याचा माइक चालू केला की गाण्यासाठीची सुबक वाट बंद होते, फोनसाठीची अरुंद वाट उघडते आणि समोरचा माणूस डब्यातून बोलल्यासारखा ऐकू येतो. हे ज्ञान मी त्या दिवशी मामाला मोठ्या तोंडानं सांगितलं. अर्थात त्याला ते ऐकू आलं नाही.

आता आत शिरू. तळाशी, लिनक्सच्या कर्नलमध्ये, अल्सा ही आवाजाची यंत्रणा बसलेली असते. यारोस्लाव्ह किसेला या चेक प्रोग्रामरनं 1998 मध्ये ती लिहायला घेतली. तिच्यावर 2004 पासून लेनार्ट पॉटरिंगचा पल्सऑडिओ आला. उबुंटूनं तो 2008 मध्ये स्वीकारला आणि पुढची काही वर्षं लोक एकमेकांना तो काढून कसा टाकायचा हेच शिकवत होते. मग विम टेमन्सचा पाइपवायर आला आणि 2021 मध्ये फेडोरा 34 नं त्याच्याकडे कारभार सोपवला. खुबी अशी, की बरेच प्रोग्राम अजूनही पल्सऑडिओलाच हाक मारतात आणि पाइपवायर मुकाट्यानं 'ओ' देतो. गावात सरपंच बदलला, पण दाखल्यावर जुनाच शिक्का चालतो, तसं. म्हणून जुन्या इलाजांपैकी निम्मे आजही लागू पडतात. कोणते निम्मे, ते करून पाहिल्यावर कळतं.

टर्मिनल उघडून अल्सामिक्सर लिहावं. काळ्या पडद्यावर रंगीत खांब उभे राहतात. एफ6 दाबून खरं साउंडकार्ड निवडावं, कारण पुष्कळदा समोर टीव्हीच्या केबलवालं कार्ड असतं आणि त्याला कसलाच माइक नसतो. एफ4 दाबलं की आत येणाऱ्या आवाजाचे खांब दिसतात. तिथे स्पेस दाबून 'कॅप्चर' हा शब्द लाल अक्षरांत उमटवायचा. बाहेर जाणाऱ्या आवाजाच्या खांबाखाली 'एमएम' दिसलं तर ते मुकं आहे, एम दाबावं. 'बूस्ट' नावाचा खांब मात्र हपापल्यासारखा वर नेऊ नये. नेला तर आपल्या आवाजाआधी घरातला पंखा पलीकडे पोचतो.

खांब योग्य सापडेपर्यंत पाऊण तास गेला. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना असा 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अखंड टाकला आणि गिनेसमध्ये नोंद झाली. माझ्या गतीनं हिशेब केला तर तेवढ्या वेळात मी सव्वाशेहून जास्त खांब हलवले असते आणि तरीही मामा म्हणाला असता, "नाही ना बाप्पा."

तो तसंच म्हणाला.

मग पावूकंट्रोल, म्हणजे कोणता आवाज कुठे जातो ते दाखवणारा प्रोग्राम. त्यातल्या 'रेकॉर्डिंग' या खिडकीत काही दिसायला हवं असेल तर कॉल चालू ठेवावा लागतो, नाहीतर ती रिकामीच असते. तिथे माइकऐवजी 'मॉनिटर ऑफ' असं काहीतरी निवडलेलं असेल तर लॅपटॉप आपलं न ऐकता स्वतःच्याच स्पीकरमधलं ऐकत बसलेला असतो. अशी माणसं घरोघरी असतात, त्यांना दुरुस्तीची सोय नसते, इथे आहे. तेही बदललं. शेवटी पाइपवायरची सेवा बंद करून पुन्हा सुरू केली. ती आपल्या वापरकर्त्याच्या नावावर चालते, तिला सुडो लावू नये. सुडो हा तहसीलदाराचा शिक्का आहे, घरची खिडकी उघडायला तो लागत नाही. मग कॉल तुटला, पुन्हा लावला. कुकर थांबला होता. मामा म्हणाला, "नाही."

आता शास्त्रशुद्ध मार्ग एकच: वाट मधोमध तोडून बिघाड कोणत्या अर्ध्यात आहे ते पाहायचं. ए-रेकॉर्ड या आज्ञेनं पाच सेकंद स्वतःचा आवाज टिपावा आणि ए-प्लेनं तो ऐकावा. पाच सेकंदांत काय बोलावं याबद्दल कुठलंच मॅन्युअल काही सांगत नाही. कॉल चालूच होता, मामाला काही ऐकू येत नव्हतं, म्हणून मी मोकळ्या मनानं बोललो, "मामीचे रोडगे फोडाले सब्बल लागते, सब्बल!"

वाजवून पाहिलं. खणखणीत. शब्दन् शब्द. म्हणजे माझा अर्धा भाग निर्दोष, बिघाड अकोल्यात. विजयी मुद्रेनं मी पडद्याकडे पाहिलं तर मामा खुर्चीत नव्हता. कूलर फिरत होता. दोन मिनिटांनी मामा सावकाश परत आला, मोबाइलवर कुठेतरी बोट दाबलं आणि एकाएकी कूलरची घरघर माझ्या कानात शिरली.

"माह्या मोबाइलचा आवाज मामीच्या भजनाच्या डब्ब्यात जाऊन रायला होता बे. सैपाकघरात. ब्लूटूथ का काय ते."

"कवापासून?"

"ते मले नाही मालूम. पन मामी इचारून रायली, रविवारी सब्बल तू घेऊन येतं, का आमी इथलीच काढून ठेवाव?"