येऊ द्या, येऊ द्या!

मोटार पुढे नेणे ही ज्याची त्याची खासगी बाब असली, तरी ती मागे घेणे हे आपल्याकडे निःसंशय सार्वजनिक कार्य आहे. पुढे जाणाऱ्या मोटारीकडे ढुंकूनही न पाहणारा मनुष्य तिचा मागचा पांढरा दिवा लागलेला दिसताच हातातली भाजीची पिशवी खाली ठेवतो, कोणी नेमणूक केलेली नसता गाडीच्या मागे जाऊन उभा राहतो आणि तळवा स्वतःकडे हलवीत "येऊ द्या, येऊ द्या" असा जो घोष सुरू करतो, तो गाडी भिंतीला टेकेपर्यंत अखंड चालतो, टेकल्यावर "बास!" म्हणून तो कामगिरीतून मोकळा होतो. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत हे वतन तळमजल्यावरच्या अण्णांकडे आहे. पाटबंधारे खात्यात हयात घालवलेल्या अण्णांना भिंत किती दूर आहे यापेक्षा गाडी येत आहे याचेच समाधान अधिक, आणि त्या समाधानाचे दाखले माझ्या मागच्या बंपरवर कायमचे नोंदले गेले आहेत.

गाडी तशी खानदानी. वरच्या श्रेणीची म्हणून कंपनीनेच तिच्या डॅशबोर्डात नकाशाचा पडदा बसवून दिलेला, आणि त्या काळी त्याचे अप्रूप एवढे, की पाहुणे त्यात आपले घर शोधण्यासाठी मुद्दाम पुढच्या आसनावर बसत. पुढे नकाशे खिशातल्या फोनमध्ये आले. पडद्यातला नकाशा मात्र होता तिथेच राहिला. 2020 मध्ये पाडलेला विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल त्याच्या दफ्तरी अद्याप शाबूत आहे, आणि चांदणी चौकातला जो पूल 2022 च्या ऑक्टोबरात मध्यरात्रीनंतर सुरुंग लावून उडविला, त्यावरूनही तो मला अत्यंत शांत स्वरात नेऊ पाहतो. सेवानिवृत्त मामलेदाराप्रमाणे त्याचा मुलूख गेला, रुबाब राहिला. तेव्हा माझ्या मनात तजवीज आली, की ज्याला पुढचे दिसेनासे झाले आहे, त्याला मागचे दाखविण्याच्या कामावर का रुजू करून घेऊ नये?

कल्पनेत अपूर्व असे काही नव्हते. ब्यूकने 1956 साली प्रदर्शनापुरत्या घडविलेल्या सेंच्युरियन मोटारीत मागे दूरचित्रवाणीचा कॅमेरा आणि पुढे पडदा होताच. अमेरिकेत मे 2018 पासून नव्या मोटारींना ही सोय सक्तीची झाली, आणि आपल्या सरकारनेही जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना निदान मागे किंचाळणारे सेन्सर लावण्याचा हुकूम काढला. माझी गाडी या सर्व कायद्यांच्या आधी जन्मलेली, म्हणून ती अण्णांच्याच अमलाखाली राहिली.

नाना पेठेतल्या कारागिराने पडद्याकडे एकवार पाहून निकाल दिला, "काका, हे काढून टाका. अँड्रॉइड बसवून देतो, पिक्चरपण दिसेल." गाडी चालविताना पिक्चर समोरच्या रस्त्यावर फुकट चालू असतो, असे मी नम्रपणे निवेदन केले, तेव्हा तो नाइलाजाने कामास लागला. कॅमेरा अंगठ्याच्या पेरात मावेल एवढा आणि स्वस्त. परंतु कंपनीचा पडदा परक्याचे चित्र सहजासहजी स्वीकारीत नाही, त्यासाठी त्याच्या पाठीमागे इंटरफेस नावाची एक डबी मध्यस्थ म्हणून बसवावी लागते, आणि मूळ मालापेक्षा मध्यस्थच महाग पडतो, ही आपली पूर्वापार वहिवाट येथेही कायम होती. रिव्हर्सच्या दिव्याला मिळणारा 12 व्होल्टचा प्रवाह फोडून कॅमेऱ्याला दिला. गिअर मागे पडताच दिवा लागावा, कॅमेरा जागा व्हावा आणि डबीने पडद्यावरचा नकाशा बाजूस सारावा, असा सगळा बंदोबस्त. पिवळ्या पिनेची वायर डिकीच्या झाकणाजवळच्या रबरी नळीतून शिरून, मागच्या आसनाखालून, दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीआडून डॅशबोर्डापर्यंत आली. बॅटरी पुन्हा जोडल्यावर पडद्याने प्रथम गुप्त सांकेतिक अंक मागितला. इतकी वर्षे ज्याचे तोंड पाहिले त्याने माझीच ओळख विचारावी, हे मनाला लागले.

अंक देताच चित्र उमटले, पण त्यात डावीकडचा खांब उजवीकडे गेलेला होता. कारागिराने कॅमेऱ्याच्या शेपटीतला वायरीचा एक इवलासा फास कटरने तोडला आणि जग पुन्हा जागच्या जागी आले. डाव्या-उजव्याचा वाद इतक्या अल्प शस्त्रक्रियेने मिटलेला मी अन्यत्र पाहिला नाही. चित्रावर हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या रेघा होत्या. स्टिअरिंग कसेही वळवा, त्या आपल्या सरळच. शिवाय रुंद भिंगातून सर्व वस्तू आहेत त्याहून दूर भासतात, म्हणून कारागिराने जाताना बजावले, "भिंत किती लांब दिसते ते बघू नका काका. लाल रेघ टेकली की ब्रेक."

अण्णांचे वतन खालसा केल्याने ते रुष्ट होतील, अशी मला धास्ती होती. परंतु त्या सायंकाळी गिअर मागे टाकताच ते गाडीच्या मागे न जाता थेट माझ्या खिडकीशी आले, आत डोके घातले आणि चष्मा सावरून पडद्याकडे पाहत म्हणाले, "येऊ द्या, येऊ द्या." त्यांची मागची जागा रिकामी झालेली पाहून वॉचमनने ती तत्काळ धरली. यंत्रे माणसांचे रोजगार हिरावतात, असे म्हणणाऱ्यांनी आमच्या सोसायटीत अवश्य यावे: पूर्वी एक अधिकारी होता, आता दोन आहेत. पडद्यापुढच्याला हिरवी रेघ दिसते आणि पाठीमागच्याला नुसती गाडी. दोघांचे एकमत झाले तर उत्तमच, आणि मतभेद झाला तर अंतिम निवाडा देण्यास भिंत आहेच.