संदर्भमार्तंड

कोणीही लिहावे आणि कोणीही खोडावे या तत्त्वावर उभ्या असलेल्या विकिपीडियाने जे मानवी नमुने घडवले, त्यांत संदर्भमार्तंड हा सर्वांत चिवट नमुना होय. १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त साधून, मराठी विकिपीडिया सुरू झाला; तेव्हापासून हा नमुना तेथे वस्तीला आहे. तो स्वतः क्वचितच काही लिहितो. दुसऱ्याच्या वाक्याच्या शेपटाला ‘संदर्भ हवा’ हे दोन शब्द चौकटी कंसात बांधून पुढे सरकणे हेच त्याचे मुख्य वाङ्मयीन कार्य. असा मजकूर एका झटक्यात उमटवणाऱ्या तयार तुकड्याला तेथे ‘साचा’ म्हणतात, आणि कुंभाराने चाकावर किंवा सोनाराने ऐरणीवर जीव लावावा तसा याने या साच्यावर लावलेला असतो.

पेशाने हा बहुधा निवृत्त लेखापरीक्षक असतो, निदान मनाने तरी असतोच. ज्या खर्चाला पावती नाही तो खर्च झालाच नाही असे हयातभर मानल्यामुळे, ज्या विधानाला तळटीप नाही ते विधान घडलेच नाही, हे पटायला त्याला वेगळी दीक्षा लागत नाही. एखादा उत्साही शाळकरी मुलगा आपल्या गावावर चार ओळींचा लेख लिहितो: गावात भैरोबाचे जागृत देवस्थान आहे, गावकरी प्रेमळ व मनमिळाऊ आहेत, यात्रेला अलोट गर्दी लोटते, आणि गावाला ऐतिहासिक वारसा लाभला आहे. रात्री जेवणानंतर संदर्भमार्तंड तेथे पोहोचतो, आणि सकाळी ‘जागृत’, ‘प्रेमळ’, ‘अलोट’ आणि ‘ऐतिहासिक’ या चारही शब्दांपुढे कंस उगवलेले असतात. दैवत जागृत असल्याचा विश्वासार्ह आणि त्रयस्थ पुरावा कोठून आणावा, या विवंचनेत तो मुलगा लेखन सोडून क्रिकेटकडे वळतो.

या आग्रहामागील तत्त्व मात्र समजून घेण्याजोगे आहे. विकिपीडियाच्या धोरणानुसार मजकूर नुसता खरा असून भागत नाही, तो प्रकाशित साधनात पडताळता आला पाहिजे. आणि लेखकाने स्वतः लावलेला शोध, ज्याला तेथे ‘मूळ संशोधन’ म्हणतात, तो तर संपूर्ण वर्ज्य असतो. येथे मराठी विद्वत्तेची मोठी पंचाईत होते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी दप्तरे धुंडाळत गावोगाव हिंडून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध केल्यावर, कागद जितका जुना, फाटका आणि कसरीने खाल्लेला, तितका तो थोर, अशी श्रद्धा येथल्या अभ्यासकांच्या हाडीमाशी रुजली. संदर्भमार्तंडाच्या दरबारात हा मानपान उलटा लागतो. माळ्यावरच्या पेटीतली मोडी सनद तेथे उभी राहू शकत नाही. ती वाचून एखाद्या प्राध्यापकाने छापलेल्या लेखाला मात्र पाट मांडला जातो. सनदेचा वारस संतापून, ‘सनद आमच्या घरातच आहे, येऊन डोळ्यांनी पाहा’ असे लिहितो, तेव्हा घर हे प्रकाशित साधन नव्हे, असे त्याला शांतपणे कळवण्यात येते.

वाद वाढला की तो लेखाच्या ‘चर्चापाना’वर जातो, आणि तेथेही मिटला नाही की ‘चावडी’वर. मराठी विकिपीडियाने सार्वजनिक चर्चेच्या जागेला दिलेले हे नाव फार नेमके आहे, कारण खऱ्या चावडीप्रमाणेच तेथे मूळ तंट्यापेक्षा कोण कोणास काय म्हणाले याचीच सुनावणी अधिक लांबते. सचिन तेंडुलकर यांच्याविषयी लिहिताना ‘तो’ म्हणावे की ‘ते’, हा इंग्रजीला कधीच न पडणारा प्रश्न मराठीत कोणत्याही क्षणी पेट घेऊ शकतो: खेळत असताना तो, निवृत्तीनंतर ते, आणि भारतरत्न मिळाल्यावर मागच्या सगळ्या शतकांनाही ते, अशी एक मध्यममार्गी सूचना येते आणि ती दोन्ही पक्षांना अपमानास्पद वाटते. (प्रस्तुत लेखात संदर्भमार्तंडास एकेरी संबोधले आहे, याची नोंद त्याने एव्हाना घेतलीच असेल.) मराठी माणूसच भांडकुदळ असा निष्कर्ष यावरून काढणे योग्य नाही. इंग्रजी विकिपीडियावर ‘योगर्ट’ या शब्दाच्या स्पेलिंगात ‘एच’ असावा की नसावा हा तंटा जवळजवळ आठ वर्षे चालला आणि २०११ मध्ये त्या अक्षराच्या गच्छंतीने मिटला. दही मुळात एका रात्रीत लागते.

एकमेकांचे बदल पुनःपुन्हा उलटवत राहण्याला ‘संपादन युद्ध’ म्हणतात आणि त्यास आळा घालण्यासाठी इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत तीनहून अधिक वेळा उलटवण्यास मनाई आहे. या नियमाचा परिणाम म्हणून संदर्भमार्तंडाला घड्याळाची विलक्षण शिस्त लागते. चौथा बदल तो पंचविसाव्या तासाला करतो आणि त्या अवधीत औषधेही वेळेवर घेतो. आपोआप चालणाऱ्या संपादन-प्रणालीला मराठीत ‘सांगकाम्या’ असे गोड नाव आहे. त्या निर्जीव सांगकाम्याच्या चर्चापानावरही याने सौम्य ताकीद ठेवलेली आढळते. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल: जयंतीच्या आदल्या रात्री जेव्हा कोणी तरी एखाद्या संताची जात बदलतो किंवा एखाद्या लढाईचा निकाल फिरवतो, तेव्हा पहाटे तीन वाजता ते मुकाट्याने पूर्ववत करणारा, आणि त्याबद्दल दोन्हीकडून शिव्या खाणारा, हाच असतो.

त्याला खरी भीती वाटते ती वर्तुळाकार संदर्भाची, म्हणजे विकिपीडियावरून उचललेला मजकूर छापून येऊन पुन्हा विकिपीडियाचाच आधार बनण्याची. २००८ मध्ये एका अमेरिकी विद्यार्थ्याने कोआटी नावाच्या प्राण्याला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ हे स्वतः रचलेले टोपणनाव गमतीने चिकटवले आणि पुढे ते वृत्तपत्रांतही वापरले जाऊ लागले, ही हकीकत तो नवख्यांना दम भरण्यासाठी वारंवार सांगतो. पण कोणे एके काळी, नियम ठाऊक नसताना, त्यानेही आपल्या आजोळच्या गावातील बारव यादवकालीन असल्याचे एक वाक्य लिहिलेले असते. बऱ्याच वर्षांनी एक नवा सदस्य त्या वाक्यापुढे साचा लावतो. संदर्भमार्तंड कपाटे उपसतो, ग्रंथालये पालथी घालतो, आणि अखेरीस गावच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत ते वाक्य त्याला शब्दशः सापडते, ‘यादवकालिन’ अशा ऱ्हस्व ‘लि’च्या चुकीसह. ती चूक ओळखीची असल्याचे त्याच्या ध्यानात येत नाही. स्मरणिकेचे नाव, वर्ष आणि पृष्ठक्रमांक नोंदवून तो साचा काढून टाकतो, आणि त्या रात्री त्याला शांत झोप लागते.