गुणोत्तर भाऊ

परभणीतल्या कुठल्याही अभ्यासिकेत जा, कूलरसमोरच्या खुर्चीत एक भाऊ बसलेला असतोच. पोलीस भरतीची पोरं त्याला सर म्हणत नाहीत, कारण तोही अजून भरतीतच आहे. पण गणित अडलं की वही त्याच्यापुढेच सरकते.

"मुलं-मुली चारास पाच. एकूण किती? पर्याय 250, 260, 270, 280."

पोरगा क्ष धरायला लागला की भाऊच्या पोटात कळ येते. "पेन कामून उचलायलास? चार नि पाच नऊ. एकूण आकड्याला नवानं भाग गेलाच पाहिजे. अंकांची बेरीज कर. दोन नि सात नऊ, 270. पुढं चल!" 100 प्रश्न, 90 मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे 54 सेकंद, आणि कॅल्क्युलेटर दाराबाहेर. भाऊ अशा प्रश्नाला चार देतो. उरलेले 50 भाषण द्यायला वापरतो.

अ-ब दोनास तीन, ब-क चारास पाच असलं, की तो दोन्हीकडच्या 'ब'ला 12 वर आणून बसवतो आणि 8:12:15 असं म्हणतो, जणू सोयरीक जुळवली.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे त्याच्या मते प्रमाणाचं गणित आहे. "टोकाच्या दोघांचा गुणाकार बरोबर मधल्या दोघांचा. परभणी काढायची तर जर्मनी गुणिले भारत, भागिले जग." जिंतूरचा पोरगा हे खरंच वहीत उतरवून घेतो.

भाऊचं घोडं मैदानावर अडतं. भरतीत आधी 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. मग लेखीला एका जागेमागे दहा जण. हे 1:10 त्याला आजवर कापता आलेलं नाही. वेग दुप्पट केला की वेळ निम्मा होतो, हे तो ट्रॅकच्या कडेला उभा राहून पळणाऱ्यांना समजावतो. पोट मात्र कोणत्याच प्रमाणात बसत नाही.

त्याच्याकडे शिकलेली पोरं खाकीत पेढे घेऊन येतात. भाऊ अभिनंदनाआधी बॉक्स उघडतो. "24 पेढे, 15 पोरं, आठास पाच." प्रत्येकाला एकेक वाटतो आणि उरलेले नऊ आपल्याकडे ओढतो.

"नवाला नवानं भाग जातो," म्हणतो.