दोन सीटांचा पंचनामा

“गुरुजी, ऐकलं का? पुण्याचा मपला पुतण्या गाडी घेतोय. दोन सीटची.”

तात्यांनी हे कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकवून सांगितलं, पण आवाज पलीकडच्या आळीला ऐकू जाईल असा. म्हणजे बातमी गुपित नव्हती, जाहीर करायचीच होती.

“दोन सीटची? मग मोटारसायकलच म्हणा की.”

“मोटारसायकलवर आपल्याकडं तिघं बसतात. हिच्यात तेवढीबी सोय नाही.”

मागं नळावर भांडी घासणाऱ्या काकूंनी तिथूनच भर घातली, “लाखानं पैसे घालायचे आन् आई-बापानं एसटीनं यायचं. लई भारी.”

काकूंचं चुकलं असं म्हणवत नाही. आमच्या कडा गावात गाडीचं मोल ती किती माणसं आणते यावर ठरतं. वऱ्हाडाला क्रूझर, पुढाऱ्याला स्कॉर्पिओ, कांद्याला पिकअप. काळी-पिवळीत शेवटचा माणूस दार हातानं धरून बसला की मगच ड्रायव्हर चावी फिरवतो. या हिशेबात दोन सीटची गाडी कुठं मांडायची, हा प्रश्नच आहे.

तात्यांची सारी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेली. कुणी नवी गाडी दाखवायला आणली, तर पेढा तोंडात टाकायच्या आधी ते खाली वाकून बूड बघतात. म्हणून पुतण्यानं त्यांनाच गळ घातली होती. तात्यांनी होकार दिला, की त्याचे वडील, आबा, नाही म्हणणार नाहीत, असा त्याचा डाव.

“कुठली घेतोय पण?”

“बीएमडब्ल्यूची झेड फोर. टप उघडतो तिचा. सेकंडहँड बघतोय, पण कुठली घ्यावी ते ठरेना. मलाच विचारतोय.” तात्यांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. टिपण एसटीच्या जुन्या पद्धतीचं होतं, मध्ये उभी रेघ मारून डाव्या-उजव्या बाजूला आकडे. “ही आत्ताची झेड फोर आपल्याकडं २०१९ ला आली, तवा दोन प्रकारांत आली. एक बारीक इंजिनाची, दोन लिटर, चार सिलिंडर, १९७ हॉर्सपॉवर. शोरूमचा भाव ६४ लाख ९० हजार. दुसरी थोरली, तीन लिटर, सहा सिलिंडर, ३४० हॉर्सपॉवर. ती ७८ लाख ९० हजार. पुढं कंपनीनं बारीक बंद केली आन् थोरली नव्वदीच्या पार नेली.”

“मग फरक काय पडतो?”

“बारीक शंभरचा स्पीड साडेसहा सेकंदांत घेती, थोरली साडेचारात. म्हणजे दोन सेकंदांचे चौदा लाख. सेकंदाला सात लाख, गुरुजी! माझ्या हातनं हजार गाड्या गेल्या असतील, पण लालपरीला कुणी सेकंद लावले नाहीत.”

खरी मेख तात्यांनी पुढं सांगितली. गाडी जर्मन कंपनीची, पण बनते ऑस्ट्रियात, ग्राझला, माग्ना नावाच्या कारखान्यात. टोयोटाची सुप्रा तिची सख्खी बहीण, तीही तिथलीच. म्हणजे आपल्याकडं येते ती बाहेरून, अख्खीच्या अख्खी. आणि इम्पोर्टेड गाडीला महाराष्ट्रात आरटीओचा कर वीस टक्के. नव्वद लाखांच्या गाडीला अठरा लाख नुसता कर.

“अठरा लाखांत स्कॉर्पिओ येती,” काकू म्हणाल्या. त्यांना भावाच्या घरातली गाडी म्हणून स्कॉर्पिओचे भाव पाठ.

“म्हणून तर सेकंडहँड बघ म्हणलं. कर पहिल्या मालकानं भरलेला असतो. श्रीमंताची हौस फिटली, की खाली मान घालून आपण घ्यायची.”

मला मात्र राहवेना. भारी गाड्यांचं मराठवाड्याला नवल नाही, हे मी तात्यांना ऐकवलं. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी मिळून एका फटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, सुमारे ६५ कोटींच्या. सगळ्यांनी एकत्र जाऊन भाव पाडून घेतला आणि एका मोठ्या सरकारी बँकेनं सात टक्क्यांनी कर्जही दिलं. पत्रकार पी. साईनाथांनी त्यावर लिहिलं, तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं, की ट्रॅक्टरला याहून कितीतरी जास्त व्याज मोजावं लागतं.

“त्यात दोन सीटच्या किती होत्या?” तात्यांनी नेमकं विचारलं.

ते काही मला सांगता येईना. तात्यांनीच निकाल दिला, “नसतील. दीडशे मर्सिडीज घेणाराला मागं बसायला आवडतं. ड्रायव्हर पुढं पाहिजे. दोन सीटवाला सवता चालवतो. त्याचं नाणं वेगळं.”

हे मला पटलं. मागं बसून मिरवायची गाडी निराळी आणि स्टिअरिंग हातात घेऊन खूश व्हायची निराळी. दोन्हींना लोक आलिशान म्हणतात, पण दोघांचे मालक एका पंगतीला बसवले तर बोलायला विषय मिळायचा नाही.

“आपलं देशी काही नाही का असलं?” काकूंनी विचारलं. त्या आता भांडी टाकून भिंतीशी आल्या होत्या.

होतं ना. डीसीची अवंती. २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दाखवली तेव्हा मासिकांनी मुखपृष्ठांवर छापली होती. दोन सीट, इंजिन मधोमध, तेही रेनोचं, दोन लिटर टर्बो. पैसे झेड फोरच्या निम्म्याच्या आसपास. पण पुढं डिसेंबर २०२० मध्ये कंपनीचे मालक दिलीप छाब्रिया यांना मुंबई पोलिसांनी अटक केली. एकाच गाडीवर एकाहून जास्त कर्जं काढली, नोंदण्या दोन-दोन केल्या, असे आरोप. कोर्टाचं काय व्हायचं ते होईल, पण सेकंडहँड अवंती घेणाऱ्यानं आधी चेसी नंबर तपासावा, नंतर रंग बघावा.

“नको बाई,” काकू म्हणाल्या. “आपली मेव्हण्याची जीप तशीच निघाली होती.”

ती जीप हा वेगळा अध्याय आहे, तो आत्ता नको.

तात्या कागदाकडं वळले. त्यांचा खरा जीव टपात अडकला होता. २००९ ची जी झेड फोर होती तिला पत्र्याचं छत, घडी होऊन डिकीत जाणारं. छत वर असेल तेव्हा डिकी ३१० लिटर, छत आत गेलं की १८०. नव्या गाडीत कंपनीनं पत्रा सोडून कापड लावलं. दहा सेकंदांत उघडतं, गाडी पन्नासच्या स्पीडला असली तरी चालतं, आणि डिकी कायम २८१ लिटर.

“म्हणजे कांद्याच्या गोण्या किती?” मी विचारलं. शेवटी कड्याचं माप हेच.

“दोन बसतील कोंबून. पण गोणी घालायला वाकावं किती लागल ते बघा. तळ जमिनीपासून साडेचार इंच हाय. नगरपासून इथपर्यंत गावागणिक स्पीडब्रेकर. प्रत्येकावर गाडी तिरपी घ्यायची, एक चाक आधी, एक मागनं. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून कानाचे पडदे फाडल.”

“आन् कापडाला उंदीर?” काकूंनी विचारलं.

आम्ही दोघंही गप्प झालो. जर्मनीतल्या इंजिनिअरांनी पाऊस, बर्फ, ऊन सगळ्याचा विचार केला असेल, पण तात्यांच्या पडवीतल्या बाजरीच्या कणगीशेजारी गाडी उभी राहणार, हे त्यांच्या डोक्यात कुठून येणार?

“ताडपत्री टाकू,” तात्या म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. मग सावरून म्हणाले, “उंदरापेक्षा पाणी वाईट. टपाच्या कडेनं पाणी जायच्या नळ्या असतात. त्यात पाला-माती बसली, की पाणी सीटखाली. घेताना गालिचा उचलून वास घ्यायचा. कुबट आला की उठायचं.”

टायरचंही त्यांनी सांगितलं. थोरलीला पुढं २५५ चे आणि मागं २७५ चे टायर. पुढचे मागं, मागचे पुढं करता येत नाहीत. मागचे झिजले की दोन नवे घ्या, दुसरा इलाज नाही. एसटीत पुढचे टायर गुळगुळीत व्हायच्या आत मागं टाकून आयुष्य काढणाऱ्या माणसाला हा सरळसरळ पैशाचा नास वाटत होता.

“तर तुमचं मत काय मग? आबांना काय सांगणार?”

तात्यांनी कागदाच्या खाली बोट ठेवलं. “घ्यायचीच असंल तर बारीक इंजिनाची. वीस-एकवीसची, एका हातची, कमी चाललेली. तेवढा टप, तेवढीच डिकी, तेच दिसणं. आपल्या रस्त्याला १९७ घोडे उतू जातात. ३४० कुठं सोडणार, ज्वारीत? आन् झेड फोर बंदच करायचं कंपनीनं ठरवलंय, तवा भाव फार पडायचा नाही. थोरली घेतली तर लोक नाव घेतील, पण हप्ता आबाच भरतील.”

एवढ्यात काकूंनी तात्यांच्या खिशातला मोबाइल काढून घेतला. पुतण्यानं चालवून बघितलेल्या गाडीचे फोटो पाठवले होते. काकूंनी चष्मा कपाळावरून डोळ्यावर घेतला आणि दोन बोटांनी फोटो मोठा करत गेल्या. लाल गाडी, टप उघडा, पुतण्या स्टिअरिंगवर हात ठेवून हसतोय. काकूंचं लक्ष त्याच्याकडं नव्हतंच.

“आवो, हे इकडं बघा.”

शेजारच्या सीटवर जांभळी ओढणी होती, अर्धी दाराबाहेर लोंबत असलेली. आणि आरशात फोटो काढणाऱ्या हाताची बांगडी.

“अगं, शोरूमवाली असंल एखादी,” तात्या म्हणाले.

“शोरूमवाली ओढणी सोडून फोटो काढती व्हय? आबा तीन वर्षं झाली स्थळं बघतायत. जेवायला ताटं धुतली नाहीत इतक्या घरी हिंडलेत.” काकूंनी फोन तात्यांच्या हातात परत दिला नाही. “तरी म्हणलं, ह्या पोरानं दोनच सीटची का धरली!”

त्या पदर खोचत आत गेल्या. दोन मिनिटांत स्वयंपाकघरातून आवाज आला, “हां, जाऊबाई? बसलाय ना? आधी बसा.”

तात्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि हळूच म्हणाले, “गुरुजी, तेवढं पुतण्याला कळवा तुमच्या फोनवरनं. टायरचं नंतर बघू म्हणावं.”