ओरखडेराव

मुंबई बंदरात, गेटवेसमोर बोयांना बांधलेल्या शिडाच्या बोटींमधून ओरखडेरावांची बोट शोधायला दुर्बीण लागत नाही. जिच्या नाळेवर एक गृहस्थ गुडघे टेकून काहीतरी पुसत असतात, ती त्यांची. त्यांना वाऱ्याची भीती नाही, लाटांची नाही. त्यांचं हाडवैर एकाच गोष्टीशी: नांगराची साखळी. तीही स्वतःचीच, पैसे मोजून घेतलेली.

भीती अगदीच खोटी नाही. ८ मिलिमीटर जाडीची साखळी मीटरमागे सुमारे १.४ किलो भरते. नाळेच्या टोकाचा रोलर आणि साखळी ओढणारा विंडलास यांच्यामधला हातभर डेक ती येता-जाता खरवडते. वरचा चकचकीत जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्याखाली फायबरग्लास आणि पुष्कळ बोटींत त्याच्याही खाली बाल्साचं हलकं लाकूड. तिथवर पाणी मुरलं की लाकूड आतल्या आत कुजतं. हे सगळं ओरखडेराव आपल्याला न विचारता सांगतात. मग खिशातून चमचा काढून डेक वाजवून दाखवतात. 'टक्' आवाज आला की चेहरा खुलतो. एकदा एका ठिकाणी 'बद्' वाजलं, तर त्या दिवशी डबा तसाच घरी गेला.

उपाय त्यांनी सगळे केले. आधी रबरी मॅट टाकली. तिचे काळे डाग पडले. मग सागवानी पट्टी बसवली. तिला चार स्क्रू लागले. मग स्टेनलेस स्टीलचा पत्रा आणला, त्याला आठ. प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला आवतण. साखळीला दहा वर्षांत जमलं नसतं, ते ओरखडेरावांनी एका रविवारी ड्रिलने उरकलं. पुढे पत्र्यालाच ओरखडे दिसू लागले, तेव्हा पत्रा जपण्यासाठी त्यावर पुन्हा मॅट आली. टीव्हीच्या रिमोटचं प्लॅस्टिक मळू नये म्हणून त्यावर रुमाल घालणारं हे घराणं.

खरी मजा मांडव्याला. बोयाला बांधलेल्या बोटीला नांगराची गरजच नसते. मांडव्यासमोर जेवायला थांबायचं, तेव्हा मात्र तो टाकावाच लागतो. ५ मीटर पाणी, वर ४ मीटर भरती, आणि त्याच्या पाचपट साखळी, म्हणजे ४५ मीटर. साठ किलोंहून जास्त लोखंड डेकवरून धडधडत जाणार! ओरखडेरावांच्या अंगावर काटा येतो. पुतण्याला पुढे बसवून ते एकेक कडी हाताने सोडायला लावतात आणि पंधरा मीटरवर "बास, बास" म्हणून ओरडतात. आडवी साखळी थोडी, त्यामुळे नांगर चिखलात रुतत नाही आणि बोट ओहोटीबरोबर घरंगळत निघते. शेजारचा कोळी तांडेल आपल्या होडीतून शांतपणे विचारतो, "शेठ, डेक नवा टाकता येईल. बोट खडकावर गेली, तर काय टाकाल?"

खरं तर इलाज साधा आहे. साखळीच्या वाटेवर जाड प्लॅस्टिकची पट्टी चिकटवायची, स्क्रू न मारता; झिजली की बदलायची. नांगर पक्का बसला की साखळीला हुक अडकवून सगळा ताण नायलॉनच्या दोरावर घ्यायचा. मग डेकवर उरलेली साखळी सैल पडते आणि तिचं घासणं थांबतं. ओरखडेरावांना हे तोंडपाठ आहे. पण एवढ्यावर भागलं, तर रविवारी बोटीवर करायचं काय? चार महिने पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर चढवलेली, उरलेले आठ महिने डेकच्या सेवेत. शीड उभारायला सवड मिळते कुठे?

त्यांनी कधी बोलावलंच, तर जरूर जा. बूट धक्क्यावर काढा, डेकचं तोंडभर कौतुक करा, चमचाही वाजवून बघा. फक्त नांगर टाकताना साखळी पुरी ४५ मीटर सोडायला लावा. ओरखडा पॉलिशने निघतो, खडक नाही.