आत्ताच का?

नाव, वय ४२, अनुभव १८ वर्षं, एवढं सगळं भराभर भरून झालं. मग अर्जात एक मोठी रिकामी चौकट आली : 'तुम्हाला एमबीए का करायचं आहे, आणि आत्ताच का?' कर्सर माझ्याकडे बघून लुकलुकत बसला.

खरं कारण लिहिण्यासारखं नव्हतं. चाकणला आमच्या कारखान्यात गेल्या वर्षी एकतीस वर्षांचा साहेब आला. मुलगा गुणी आहे, मला 'सर'च म्हणतो. पण मी पंधरा मिनिटं घसा कोरडा करून सांगितलेलंच तो फळ्यावर चार चौकटी आखून दोन मिनिटांत सांगतो, आणि मग सगळे माना डोलावतात. मला त्या चौकटी हव्यात.

म्हणून जीमॅट या प्रवेशपरीक्षेचं पुस्तक आणलं. सव्वादोन तासांत ६४ प्रश्न. त्यात शाळेतला तो हौद पुन्हा भेटला : एक नळ भरतो, दुसरा रिकामा करतो. अठरा वर्षं प्लांटमध्ये काढलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडतो, की दुसरा नळ चालू ठेवला कोणी? दहावीतल्या चिरंजीवांनी गणित सोडवून दिलं आणि पेन्सिल परत मागितली.

बायकोने वाण्याची यादी उलटी केली. अहमदाबादच्या आयआयएमचा वर्षभराचा कोर्स म्हणजे फीच तीस लाखांच्या पुढे. तीस लाख, दहा टक्के, दहा वर्षं : हप्ता एकोणचाळीस हजार सहाशे. त्याखाली तिने माझा वर्षाचा पगार मांडला आणि शेजारी लिहिलं, 'बुडाला'. एमबीएवाले याला 'अपॉर्च्युनिटी कॉस्ट' म्हणतात.

"शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं करसवलत असते," मी म्हटलं.

"जुन्या करपद्धतीत. आपण नवी घेतलीय. तूच घेतलीस."

नोकरी सांभाळून संध्याकाळी शिकायची सोय मुंबईत जमनालाल बजाज संस्थेत आहे, तीन वर्षांची. पण ती जमणार चर्चगेटच्या आसपास नोकरी करणाऱ्यांना. चाकणहून निघालो तर माझं पहिलं सेमिस्टर तळेगाव चौकातच संपायचं.

रात्री चौकटीत लिहिलं, 'नेतृत्वगुणांचा विकास साधण्यासाठी'. वाचून माझं मलाच हसू आलं. खोडलं. 'चार चौकटी आखता याव्यात म्हणून' असं लिहिलं. तेही खोडलं. खरं तर मला पुन्हा मागच्या बाकावर बसायचंय, डबा खायचाय आणि कुणीतरी मला काहीतरी नवीन सांगावं असं वाटतंय. पण त्यासाठी तीस लाख कुठली बँक देईल?

सोमवारी मीटिंगमध्ये साहेबाने नेहमीप्रमाणे चौकटी आखल्या. दोन भरल्या, मग मार्कर हातात धरून माझ्याकडे वळला.

"सर, तिसरीत काय येईल?"

मी सांगितलं. त्याने लिहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, त्याच्याकडे बघून.

अर्जाची मुदत अजून पंधरा दिवस आहे.