घरच्या घरी कल्पना कशी करावी?

साहित्य: पाठ टेकायला भिंत, दुपारचं भरपेट जेवण, आणि निदान अर्धा तास कुणी हाक मारणार नाही याची खात्री. भांडवल लागत नाही. म्हणूनच घरची मंडळी या उद्योगाकडे संशयाने पाहतात.

आधी एक खबरदारी. ऑफिसात ‘कल्पना’ हा शब्द कानावर पडला तर हुरळून जाऊ नये. ‘साहेबांना कल्पना देऊन ठेवलीय’ याचा अर्थ फाईल उशिरा जाणार, एवढाच. ‘मला कुणी कल्पनाच दिली नाही’ ही तक्रार असते, आणि ‘कल्पना नाही बुवा’ म्हणणाऱ्याला बहुधा सगळं ठाऊक असतं. नवशिक्याने कल्पना द्यायची नाही, घ्यायचीही नाही. फक्त करायची.

सुरुवात मनातल्या मांड्यांनी करावी. खरे मांडे येरागबाळ्याचं काम नव्हे. खानदेशात पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवतात आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद सोडतात. जरा हात चुकला की पुरण विस्तवात. बरं, खापरच मिळालं नाही तर? आख्यायिका अशी, की मुक्ताबाईला कुणी खापर देईना, तेव्हा ज्ञानेश्वरांनी आपली पाठ तापवली आणि तिने त्यावर मांडे भाजले. एवढी योगसाधना आपल्याकडे नसणार, हे धरून चालू. मनातल्या मांड्यांना ना खापर लागतं, ना पाठ. तरी नवशिके इथे हमखास कच खातात: मनातसुद्धा तूप बेतानेच वाढून घेतात. कुणासाठी राखून ठेवताय? वाटी पालथी करा.

मांडे पचले की शेखमहंमदीकडे वळावं. डोक्यावर तुपाचा घडा, त्याच्या हमालीतून कोंबडी, कोंबडीवरून शेळी, शेळीवरून म्हैस, मग लग्न, मग पोरं, आणि शेवटी मान हलते, घडा फुटतो. याची जुनी आवृत्ती पंचतंत्रात आहे. तिथला ब्राह्मण सातूच्या पिठाचं मडकं टांगून खाली खाटेवर पडलेला. त्याने व्हायच्या मुलाचं नाव सोमशर्मा असं ठरवूनही टाकलं. पोराकडे लक्ष देत नाही म्हणून बायकोला लाथ हाणली, ती मडक्याला लागली आणि महाराज पिठाने पांढरेफटक. यातलं तंत्र नीट समजून घ्या. म्हशीपाशी थांबायचं. म्हशीपर्यंतचा मजकूर टाईप करून बँकेत नेला तर त्याला प्रकल्प अहवाल म्हणतात, आणि नशीब असेल तर त्यावर कर्जही मिळतं. मुलाचं बारसं केलंत की तीच शेखमहंमदी.

‘प्रकल्प’ काही परका नाही. जुळणं, जुळवणं, रचणं अशा अर्थाचा ‘क्लृप्’ हा संस्कृत धातू. कल्पना त्यातूनच आली. संकल्प, विकल्प, प्रकल्प, क्लृप्ती ही सगळी तिची भावंडं. अर्थसंकल्पही याच घरातला, याचं कुणाला नवल वाटू नये. कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, आपल्या हिशेबाने ४३२ कोटी वर्षं. दुपारच्या अर्ध्या तासावरून घरात कुणी बोललंच, तर हा आकडा पुढे करावा.

विकल्पाचा सराव वेगळा करायची गरज पडत नाही. पतंजलींनी चित्ताच्या पाच वृत्तींत विकल्पाला जागा दिली: वस्तूचा पत्ता नाही, नुसत्या शब्दावर उभं राहिलेलं ज्ञान. सशाचं शिंग, आकाशातलं फूल ही शास्त्रातली ठरलेली उदाहरणं. आपल्याकडे मात्र ‘मनात विकल्प येतो’ तो फोन उचलला नाही की. रात्रीचे नऊ. रिंग जातेय. बस चुकली असेल. नाही, मग कळवलं असतं. पंपाजवळच्या वळणावर दिवे नाहीत. पावसाने खड्डे दिसत नाहीत. कुठल्या दवाखान्यात नेलं असेल? रक्तगट कुणाला माहीत आहे? इतक्यात स्वारी दारात, हातात कोथिंबिरीची जुडी, फोन सायलेंटवर. मन चिंती ते वैरी न चिंती. अशी निर्मिती पगारी लेखकाला जमत नाही, पण तिला कल्पनाशक्ती म्हणायची आपल्यात पद्धत नाही. तिला ‘तुझं आपलं काहीतरीच’ म्हणतात.

शाळेतली उत्प्रेक्षा आठवत असेल तर उत्तम. जणू, गमे, वाटे, भासे हे शब्द हाताशी ठेवावेत. ‘आंबा जणू अमृत’ म्हणणारा कवी. तोच ‘जणू’ गाळून फळांच्या गाडीवरून ओरडला की विक्रेता. आणि ‘आमच्या झाडाचा एकेक आंबा दोन किलोचा’ असं पारावर सांगितलं, की लोणकढी थाप. मालमसाला तोच, माणूस आणि जागा बदलली की नाव बदलतं.

प्रतिभा हा शब्द स्वतःसाठी चुकूनही वापरू नये, तो इतरांनी द्यायचा असतो आणि ते सहसा घाई करत नाहीत. पण राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त एक सोय करून ठेवलीय. प्रतिभा दोन प्रकारची: रचणाऱ्याची ती कारयित्री, रसिकाची ती भावयित्री. दुसरीवर हक्क सांगायला एक ओळही लिहावी लागत नाही. योग्य वेळी ‘वा!’ म्हटलं की झालं. तोवर शेजाऱ्यांनी ‘सध्या काय चाललंय?’ असं विचारलं तर ‘एका प्रकल्पावर काम करतोय’ म्हणून सांगावं. व्युत्पत्तीने ते खोटं ठरत नाही.